सहा बाय चारची वेदना

"कॅनव्हास सहा बाय चारच पाहिजे," मुरलीधर म्हणाला. "त्याहून लहान जागेत माझी वेदना मावत नाही."

"मग घडी घाला तिची," मी म्हटलं.

तो खाटेवर मांडी घालून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. मी खाली चटईवर पाटलांच्या सुनेच्या साडीला फॉल लावत होते. पिठाच्या गिरणीमागच्या आमच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर भिंती थरथरायच्या, जेवणात पीठ, अंथरुणात पीठ. पण वेदना व्हायची ती फक्त त्याला. मला व्हायला वेळ नसायचा.

"तुला चेष्टा सुचतेय. आप्पासाहेब माझा हात बघायला येणारेत."

"म्हणून तर सांगते, हात दाखवा. एक घोडा काढा, एक नदीकाठ काढा, आप्पासाहेबांच्या आईचं एक चित्र काढा. नोकरी ड्रॉइंग मास्तरची आहे."

"घोडा!" त्यानं उरलेले डोळेही मिटून घेतले. "मी आतलं काढणार, हेमा. आतलं फोडून बाहेर. ब्रशसुद्धा नकोय मला. मी रंग फेकणार."

"फेकायला आधी आणायला लागतात," मी म्हटलं आणि दातानं दोरा तोडला.

नवऱ्याचं नाव घेताना लाजायचे माझे दिवस कधीच संपले, म्हणून सरळ मुरलीधर म्हणते. तोंडावर मात्र 'अहो'च. आम्ही दोघांनी सांगलीला एकाच वर्गात ए.टी.डी. केलं, म्हणजे ड्रॉइंग मास्तरकीचा डिप्लोमा. तिथंच जमलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी कागद पसरून बसले, तर तो हसत म्हणाला होता, "एका घरात दोन चित्रकार झाले तर भाकऱ्या कोण थापणार?" मीही हसले होते. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

बोरगावात आप्पासाहेब काटवटे म्हणजे मोठं प्रस्थ. हायस्कूल त्यांचं, दूध डेअरी त्यांची, मंगल कार्यालय त्यांचं. एवढं असून त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीत अपक्ष उभे राहिले आणि डिपॉझिट घालवून बसले. घरातलीसुद्धा सगळी मतं पडली नसावीत. त्या दिवसापासून त्यांच्या गळ्यात कुणी हार घातला नव्हता, आणि हाराशिवाय आप्पासाहेबांना जेवण जात नसे. त्यातच हायस्कूलचे घोरपडे सर निवृत्त झाले आणि ड्रॉइंगची जागा रिकामी झाली. बाकीचे उमेदवार देणगीच्या पिशव्या घेऊन वाड्याच्या पायऱ्या चढत होते. आमच्याकडे पिशवी होती, पण त्यात भरायला काही नव्हतं. तेव्हा हेडमास्तर म्हेत्रे सरांनी तोड काढली. "शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवा. उद्घाटन आप्पासाहेबांच्या हस्ते करू. चित्रं आवडली तर देणगीबिणगी काही विचारणार नाहीत. जागेवर ऑर्डर देतील."

असा सगळा मामला होता. ही नोकरी लागली तर गिरणीमागून बाहेर पडता येणार होतं. नाही लागली तर मी फॉल लावत म्हातारी होणार हे मला लख्ख दिसत होतं.

रंगाच्या खरेदीला आम्ही एस.टी.नं सांगलीला गेलो. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मालकानं कॅनव्हासचा गुंडाळा काउंटरवर असा अलगद सोडला, जशी पैठणी दाखवतोय. भाव सांगितला. मी तो हातानं पुन्हा गुंडाळायला लागले. मुरलीधर तोवर रंगांच्या ट्यूबांपाशी पोचला होता. एक ट्यूब तळहातावर घेऊन तिच्याकडे बघत उभा.

"हेमा, हा निळा बघ. हा निळा माझ्या मनातला आहे."

"मग मनातच राहू दे. तिथं फुकट आहे."

दुकानदार हसला. मुरलीधर दुखावला आणि परतीच्या एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसला. त्याच्या मते माझ्यासारख्या माणसांमुळे या देशात कला वाढत नाही. तिकिटं मीच काढली होती, तेव्हा वाद घातला नाही.

बोरगावच्या स्टँडवर उतरले आणि वर बघितलं. रस्त्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत आप्पासाहेब फडफडत होते.

तेव्हा फ्लेक्स आले नव्हते. बॅनर म्हणजे मांजरपाटाचं कापड, त्यावर पेंटरनं काढलेलं तोंड. इथं आप्पासाहेबांचं मिश्यांसकट तोंड होतं, जोडलेले हात होते, 'प्रचंड मतांनी विजयी करा' होतं आणि शेवटी त्यांची निशाणी, कपबशी. जिंकलेल्या शिंत्र्यांचे बॅनर निकालाच्या रात्रीच कार्यकर्त्यांनी उशीच्या अभ्र्यांसाठी पळवले होते. हरलेल्याचे बॅनर उतरवायला कोण येतो? ऊन खात, धूळ खात गावभर लटकत होते. कापड मात्र जाड, घट्ट विणीचं, खळ दिलेलं. एका बॅनरमध्ये सहा बाय चारच्या तीन वेदना सहज बसत होत्या.

"काय बघतेस?" मुरलीधरनं विचारलं.

"कॅनव्हास," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गिरणीवाल्याचा आकडीचा बांबू घेऊन निघाले. चोरी नव्हे, सरळ रस्त्यात उभी राहून दोऱ्या ओढल्या. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं हटकलं.

"काय करताय ओ वहिनी?"

"आप्पासाहेबांना खाली उतरवतेय."

"लोकांनी उतरवलंय की आधीच," तो म्हणाला आणि शिडी घेऊन मदतीला आला.

चार बॅनर मिळाले. घरी आणून सोड्यात भिजत घातले, धोपटणं मोडेस्तोवर धोपटले. काळा रंग गेला, पिवळा गेला. लाल मात्र जाईना. नुसता गुलाबी होऊन बसला, जोडलेले हात, मिश्या आणि कपबशी सगळं गुलाबी. माझे वडील इस्लामपुरात बोर्ड रंगवायचे, त्यामुळे हा लाल मला ओळखीचा होता. पुडीचा स्वस्त रंग. वर कितीही पांढरा चढवा, ओल लागली की तो खालून फुटतो. त्याला गप्प करायला लाख लागते. मी सुताराकडून लाखदाणा आणि स्पिरिट आणलं, बाटलीत विरघळवलं आणि मुरलीधरला समोर बसवून सांगितलं.

"कापडाच्या पाठीमागच्या बाजूला काढायचं. आधी दोन्हीकडून लाखेचा हात. तो वाळला की पांढरा. मग तुमची वेदना. मधलं काही गाळायचं नाही. ज्यांच्याकडे नोकरी मागायची त्यांच्याच तोंडावर आपण रंग फासतोय, एवढं ध्यानात ठेवा."

"तू मला शिकवणार?" तो म्हणाला.

बाकीचं सामान जमवायला मला आठवडा लागला. आडत बाजारातून सफरचंदांच्या खोक्यांच्या फळ्या आणून चौकटी ठोकल्या. पांढऱ्यासाठी डिस्टेंपर घेतला, शाळेला चुना देणाऱ्या ठेकेदाराच्या गोदामातला, तळाला राहिलेला. तांबड्यासाठी हुरमुंज, निळ्यासाठी कपड्यांची नीळ, काळ्यासाठी कंदिलाच्या काचेवरची काजळी. सगळं सुताराच्या सरसात कालवलं. दोन खोल्यांत असा वास सुटला की गिरणीवाल्याची बायको नाकाला पदर लावून विचारायला आली, कोण गेलं म्हणून. फेकायचे रंग तर ब्रश कशाला? तरी चुना द्यायचा कुंचा, जुनी केरसुणी, पत्र्याचा तुकडा आणि सायकलीच्या ट्यूबच्या पट्ट्या मी त्याच्यापुढं मांडून ठेवले. एक फार चांगली तांबूस करडी छटा साधली होती मला, हुरमुंज आणि काजळीतून. नदीत पाणी आटल्यावर दगडांवर दिसते तशी. बोटानं कागदाच्या कपट्यावर ओढून बघितली, आणि मग बोट धुऊन टाकलं.

ज्या दिवशी कापडं तयार करायची त्या दिवशी मला लग्नघरच्या साड्या पोचवायला जावं लागलं. संध्याकाळी परत आले तर अंगणात चौकटींवर ताणलेली कापडं पांढरीशुभ्र, आणि मुरलीधर त्यांच्यापुढं छाती काढून उभा. कोपऱ्यात लाखेची बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"लाख?"

"मला त्या वासानं मळमळलं. आणि हेमा, लाखेनं कापड बंद होतं. मला कापडाचा श्वास पाहिजे."

"कापडाचा श्वास?"

"तुला नाही कळायचं. आता पांढरं दिसतंय ना? झालं तर मग."

मी कपाळाला हात लावला. सगळं खरवडून नव्यानं करायला ना डिस्टेंपर होता ना दिवस. आणि खरंच पांढरं दिसत होतं. मग पुढचे काही दिवस त्यानं रंग फेकले. कधी 'हा!' म्हणून ओरडून, कधी डोळे मिटून. भिंतीवर, पत्र्यावर, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवरही थोडं आतलं बाहेर पडलं. शेजारणीला पापड भरून मी दिले. चित्रं झाली तेव्हा त्यानं नावं ठेवली: 'शून्याची किंकाळी', 'मी नसलेला मी', 'गर्भातला अंधार' आणि अशीच आणखी. मला विचारलं, कसं वाटतं. मी म्हटलं, चौकटी छान बसल्यात.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी हातगाडीवर घालून चित्रं हॉलमध्ये नेली. दारातच चुन्याचा भपकारा आला. आप्पासाहेब येणार म्हणून म्हेत्रे सरांनी त्याच दिवशी भिंतींना पांढरा हात मारून घेतला होता. मी भिंतीला तळवा लावला तर तळवा ओला.

"सर, भिंती ओल्या आहेत. चित्रं बाकांवर मांडूया का?"

"बाकांवर?" म्हेत्रे सर दचकले. "आप्पासाहेबांना वाकून बघायला लावता का, वहिनी?"

"अहो, कापडाची पाठ ओल्या भिंतीला लागेल," मी मुरलीधरला बाजूला घेऊन म्हटलं. "त्या बाजूलाच आप्पासाहेब आहेत."

"तुझा जीव कायम कापडात," तो म्हणाला. "उद्या माझं आयुष्य उघडणार आहे आणि तू भिंती चाचपतेस."

खिळे ठोकले, चित्रं टांगली. त्यावर वसतिगृहाच्या पांढऱ्या चादरी सोडल्या, कारण मुरलीधरच्या मते दर्शन एकदम झालं पाहिजे होतं. शिपायानं कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेला.

सकाळी हॉल भरला. शिक्षक, डेअरीचे कामगार, संस्थेचे सभासद. सगळ्यांना यायलाच लागलं होतं. आप्पासाहेब आले, बसके, मानेला घाम, मिश्या त्याच. म्हेत्रे सरांनी हार घातला तेव्हा त्यांनी मान जरा जास्तच खाली केली, कारण बऱ्याच दिवसांत सवय मोडली होती. नारळ फुटला. मुरलीधरनं माईक घेतला. अंगात झब्बा, खांद्यावर शबनम.

"ही चित्रं नाहीत," तो म्हणाला. "हा माझा आतला आवाज आहे. इथं काय दिसतंय असं विचारू नका. इथं मी कोरा झालोय. इथं फक्त शून्य आहे."

मग त्यानं सुतळी ओढली आणि सगळ्या चादरी एकदम खाली पडल्या.

शून्यात कपबशी होती.

चांगली दोन हात रुंद, गुलाबी, 'शून्याची किंकाळी'च्या बरोबर मधोमध. पाठीकडून फुटून आलेली म्हणून तिचा कान उलट्या बाजूला, पण कपबशी म्हणून कुठंही कमी नव्हती. शेजारच्या 'मी नसलेला मी'मध्ये जोडलेले हात होते. 'गर्भातला अंधार'मधून मिश्या बाहेर आल्या होत्या आणि मिश्यांच्या वर दोन डोळे, निवडणुकीआधीचे, आशेनं भरलेले. रात्रभर चुन्याची ओल प्यायलेला पुडीचा लाल रंग जिथं जिथं वाट मिळाली तिथून वर आला होता.

तेवढ्यात मागून डेअरीचा एक कामगार म्हणाला, "च्यायला, कपबशी!"

हसू आधी मागच्या रांगेत फुटलं, मग मधल्या. शिक्षक लोक रुमालात खोकू लागले. म्हेत्रे सरांनी भिंतीकडे तोंड केलं. मला त्या क्षणी हंबरडा फोडून रडावंसं वाटलं. लाज वाटली म्हणून नव्हे. नोकरी गेली हे कळलं म्हणून.

आप्पासाहेब या चित्रापासून त्या चित्रापर्यंत सावकाश चालत गेले. मिश्यांपुढं जास्त वेळ थांबले. हसू आपोआप बंद झालं.

"गुरव," ते मुरलीधरला म्हणाले, "हे काय हाय?"

मुरलीधरच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी कलावंत तो कलावंत. "आप्पासाहेब, हे… हे माझ्या अबोध मनातून आलंय. मी ठरवून काढलेलं नाही."

"माझी कपबशी तुझ्या मनात कशाला?"

"म्हणजे, तुमचा पराभव… समाजाची वेदना…"

"माझा पराभव?" आप्पासाहेबांनी कापडाला नाक लावलं, चौकटीचं एक टोक भिंतीपासून ओढलं आणि पाठीमागं डोकावून बघितलं. 'विजयी करा' त्यांनी स्वतःच मोठ्यानं वाचलं. "हे माझं कापड हाय. माझ्या प्रचाराचं. माझं तोंड तू पायपुसण्यागत वापरलंस?"

"मी नाही!" मुरलीधर इतक्या झटकन म्हणाला की माझी मान आपोआप त्याच्याकडे वळली. "मला यातलं काहीच माहीत नाही, आप्पासाहेब. कापड मी आणलं नाही. सामान सगळं बायकोनं जमवलं. मी फक्त कलेत असतो."

"बायकोनं?"

"ती तिथं उभी आहे. खांबाजवळ."

"नाव काय?"

"हेमलता," मुरलीधर म्हणाला. बोट माझ्याकडे. "हेमलता गुरव."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मला कळत होतं की मी आता हात जोडायला हवेत, पदर डोळ्याला लावायला हवा. पण ते बोट तसंच माझ्यावर रोखलेलं होतं, आणि त्या बोटाच्या नखात माझाच हुरमुंज अडकलेला होता. मला असा संताप आला की भीतीला जागाच राहिली नाही. नाहीतरी गमवायचं ते गमावून झालं होतं.

मी पुढं झाले. "हो, मी आणलं. निकाल लागून किती दिवस झाले, तुमचे बॅनर कुणी उतरवले होते का? स्टँडवर कावळे बसत होते तुमच्या डोक्यावर. भर दुपारी काढून आणले, धुतले. चौकटी मी ठोकल्या, सफरचंदांच्या खोक्यांच्या. रंग मी कालवले, निळीचे आणि काजळीचे. लाखेचा हात आधी द्या म्हणून सांगितलं होतं, तो दिला नाही. दिला असता तर तुम्ही आज बाहेर आला नसता."

मागं पुन्हा कुणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे सगळं तुझंच," आप्पासाहेब म्हणाले. "मग चित्रं तरी कुणाची?"

"ती यांचीच," मी म्हटलं. "त्यातलं मी काही घेत नाही."

आप्पासाहेब माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता शिपायाला हाक मारतील. त्यांनी हाक मारली ती म्हेत्रे सरांना.

"म्हेत्रे, घोरपडे मास्तर दर वर्साला रंगापायी पैसं मागायचे न्हवं?"

"मागायचे, आप्पासाहेब."

"कागदाला?"

"कागदालाही मागायचे."

"आपण काय सांगायचो?"

"आपण पुढच्या वर्षी बघू म्हणायचो."

"हं." त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली, हाराच्या टोकानं नाक पुसलं. "बाई, सांगलीला न्हाई घेतलं ते सामान?"

"सांगलीला गेलो होतो. तिथं एका कॅनव्हासला जे पडलं असतं त्यात हे सगळं झालं. वर सरस उरलाय."

"शिकलीयास किती?"

"ए.टी.डी. यांच्याच वर्गात होते."

"नंबर कुणाचा वर हुता?"

मी मुरलीधरकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"माझा," मी म्हटलं.

"मग सोमवारी मुलाखतीला तू ये. ह्येला आणू नको." ते हार काढून म्हेत्र्यांच्या हातात देत म्हणाले. "असा मास्तर पायजे संस्थेला. रंग मागणार न्हाई, कागद मागणार न्हाई, बाजारातनं उचलून आणंल आणि पोरांकडनं करून घील." मग मुरलीधरकडे न बघताच, "आणि गुरव, तुझं शून्य भिंतीवरनं उतरव. माझ्या कपबशीसकट."

हॉल खो खो हसला. ह्या खेपेला आप्पासाहेबही हसले. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच लोक त्यांच्या बाजूनं हसत होते, आणि त्यासाठी त्यांना एक माणूस चिरडायला मिळाला होता. नोकरी त्यांनी मला माझ्या गुणांसाठी दिली असं मी एक दिवसही मानलं नाही. बिनखर्चाची मास्तरीण मिळाली आणि नवऱ्याच्या तोंडात मारायला त्याचीच बायको मिळाली, एका दगडात दोन पक्षी, आणि दगडाचे पैसेही पडले नाहीत. पुढं मी निवृत्त होईपर्यंत त्या माणसानं ड्रॉइंगच्या तासाला एक खडू जास्तीचा दिला नाही. पोरांनी निळीनं आभाळं रंगवली आणि काजळीनं डोंगर. बरी रंगवली. हे सगळं मला त्याच वेळी दिसत होतं, तिथं खांबाजवळ उभी असताना. तरी मी मान हलवून हो म्हटलं. आणि हो म्हणताना मला आनंद झाला, इतका की चारचौघांत तो लपवायला खाली बघावं लागलं.

चित्रं घरी आणताना हातगाडी मी ढकलली. मुरलीधर दहा पावलं पुढं चालत होता, आपला तिच्याशी संबंध नसल्यासारखा. रस्त्यावरची माणसं कपबशी बघून थांबत होती. हॉटेलवाल्यानं तर आम्हाला हाक मारून चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर तो खाटेवर बसला. मी भाकरीला परात घेतली, पीठ काढलं, पाणी घातलं आणि मग हात तसेच परातीत ठेवून बसून राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा मला वाटलं, आज थापायच्या नाहीत. परात बाजूला सारली. ट्रंकेतून कागद काढला, उरलेल्या तांबूस करडीत पाणी घातलं आणि चटईवर पालथी पडून कुंच्याच्या टोकानं नदीतले दगड काढायला लागले.

तो बराच वेळ बघत होता. गिरणी बंद झाली होती, भिंती थांबल्या होत्या.

"जेवायचं काय?" त्यानं विचारलं.

मी आणखी एक दगड काढला.

"ती नोकरी माझी होती," तो म्हणाला. आवाज भरून आला होता. खरंच भरून आला होता, आता त्याला वेदना होत होती. "सगळ्या गावासमोर तू माझी नोकरी घेतलीस, हेमा."

"मी कुठं घेतली?" मी मान वर न करता म्हटलं. "आप्पासाहेबांनी नाव विचारलं. तुम्हीच सांगितलंत."